दिल्लीत उतरायचं कुठे?

‘चला दिल्लीला’ : भाग तिसरा

गेल्या आठवड्यात महिना ठरवला, तिकिटं काढली. आता खोली. या बाबतीत बहुतेक मराठी कुटुंबांत एक ठरलेली गोष्ट घडते. आतेभाऊ किंवा ऑफिसातलं कुणीतरी कधीकाळी पहाडगंजला किंवा करोल बागेत उतरलेलं असतं. तो पत्ता निघतो, फोन होतो, विषय संपतो. सल्ला अगदीच वाईट म्हणता येणार नाही, पण तो मेट्रोच्या आधीच्या दिल्लीतला आहे. दिल्लीत मेट्रो धावू लागली ती डिसेंबर २००२ मध्ये, तीही शाहदरा ते तीस हजारी एवढीच. तेव्हा नवी दिल्ली स्टेशनातून चालत गाठता येईल ती खोली सोयीची, हा हिशेब बरोबर होता. आज दिल्ली मेट्रोचं जाळं साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे गेलंय आणि हिशेब उलटा मांडावा लागतो. आधी मेट्रोचा रंग ठरवायचा, मग त्या रंगावरचं स्टेशन, आणि खोली सगळ्यात शेवटी.

रंग ठरतो तो तुमच्या रेल्वेच्या तिकिटावरून. तिकिटावर ‘एनडीएलएस’ असेल तर तुम्ही नवी दिल्लीला उतरणार. ‘एनझेडएम’ असेल तर हजरत निजामुद्दीनला. मुंबई सेंट्रलची जुनी राजधानी, पंजाब मेल, पुण्याची झेलम या नवी दिल्लीला जातात. पण नाशिक-जळगावमार्गे जाणारी सीएसएमटी राजधानी, ऑगस्ट क्रांती, पुण्याची दुरांतो, गोवा एक्स्प्रेस, कोकण रेल्वेवरून येणारी मंगला, मडगाव राजधानी आणि कोल्हापूरची साप्ताहिक गाडी या सगळ्या निजामुद्दीनच्या. म्हणजे महाराष्ट्र-गोव्यातला मोठा प्रवासीवर्ग दिल्लीच्या दक्षिण अंगाला उतरतो आणि केवळ सवयीने सामानासकट शहराच्या मध्यात पहाडगंजला जातो. सकाळच्या गर्दीत एवढी उठाठेव कशासाठी, हे मला कधी कळलेलं नाही.

निजामुद्दीनला उतरणाऱ्यांनी जंगपुरा, भोगल आणि लाजपत नगर या पट्ट्यात खोली बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेशनच्या सराय काले खाँ बाजूला गुलाबी मार्गाचं मेट्रो स्टेशन आहे. तिथून आश्रम, विनोबापुरी आणि तिसरं लाजपत नगर. लाजपत नगरला गुलाबी आणि जांभळा हे दोन मार्ग एकमेकांना भेटतात, आणि जांभळा मार्ग म्हणजे पर्यटकाची यादी डोळ्यांसमोर ठेवून आखावा तसा निघालाय. उत्तरेकडे निघालात की खान मार्केट (इथून इंडिया गेट रिक्षाने जवळ), केंद्रीय सचिवालय, जनपथ, मंडी हाउस, दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला. दिल्ली गेटपासून पुढचा हा जुन्या शहराखालचा तुकडा २०१७ च्या मे महिन्यात सुरू झाला, आणि तेव्हापासून लाल किल्ल्यासमोर थेट जमिनीखालून वर येता येतं. दक्षिणेकडे गेलात तर कालकाजी मंदिर, म्हणजेच कमळ मंदिराचं स्टेशन. हुमायूनची कबर आणि तिला लागून असलेली सुंदर नर्सरी तर निजामुद्दीनच्याच अंगणात. दहा मिनिटांची रिक्षा.

कुतुबमिनारला जायचं तर लाजपत नगरहून गुलाबी मार्गाने दोन स्टेशनं, आयएनए. तिथे पिवळ्या मार्गात बदलायचं आणि सरळ ‘कुतुबमिनार’ स्टेशन. परतताना आयएनएलाच उतरून दिल्ली हाट पाहून होतो. अक्षरधामला जायचं तर गुलाबीने मयूर विहार-१ आणि तिथून निळ्या मार्गाने एकच स्टेशन. एकदा बदलून दिल्लीतली बहुतेक महत्त्वाची ठिकाणं येतात, आणि संध्याकाळी परत येऊन पाय मोकळे करायला लाजपत नगरचं सेंट्रल मार्केट आहेच. (ते सोमवारी बंद असतं.) या भागात उपचारांसाठी येणाऱ्या अफगाण कुटुंबांमुळे गेस्ट हाउसं भरपूर झाली आहेत, रस्त्यावर मोठाले नान भाजणारी दुकानं आहेत आणि औषधाची दुकानं तर पावलापावलावर.

एक अडचण मात्र आधी सांगतो. दक्षिण दिल्लीतल्या कॉलन्यांना लोखंडी फाटकं असतात आणि रात्री उशिरा त्यांतलं एखादंच उघडं ठेवतात. नाटक किंवा जेवण आटोपून उशिरा येणार असाल तर गेस्ट हाउसवाल्याला विचारून ठेवा : रात्री कोणतं गेट उघडं असतं? नाहीतर खोलीची खिडकी समोर दिसत असताना टॅक्सी अख्ख्या कॉलनीला प्रदक्षिणा घालते.

आता नवी दिल्ली स्टेशन. याला दोन तोंडं आहेत आणि ती एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. एक नंबरचा फलाट पहाडगंजच्या बाजूला. सोळा नंबरचा अजमेरी गेटच्या बाजूला. पिवळा मेट्रो मार्ग आणि एअरपोर्ट एक्स्प्रेस या दोन्ही गोष्टी अजमेरी गेटकडे आहेत. पहाडगंजला खोली घेतलीत तर मेट्रोसाठी रोज रेल्वेचा पूल ओलांडा किंवा निळ्या मार्गावरच्या रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशनापर्यंत चाला. त्यामुळे पहाडगंजमध्येच राहायचं असेल तर मेन बाजारच्या स्टेशनकडच्या टोकाऐवजी रामकृष्ण आश्रमकडच्या टोकाला बघा. तिथे गोंगाट कमी असतो आणि एका स्टेशनावर राजीव चौक, म्हणजे पिवळ्या-निळ्याचा चौरस्ता.

पहाडगंजशी मराठी माणसाचा संबंध नुसता हॉटेलांचा नाही. नूतन मराठी शाळा याच भागात आहे. पण जिव्हाळा वेगळा आणि खोली वेगळी. इथे फोटोवर जाऊ नका. दोन प्रश्न विचारा. खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या डक्टमध्ये? आणि जिने किती आहेत? दुसरा प्रश्न शिष्टपणाचा वाटेल, पण फेब्रुवारी २०१९ मध्ये करोल बागेतल्या एका हॉटेलला पहाटे आग लागली आणि १७ जण गेले. अरुंद गल्लीतल्या पाच मजली इमारतीत झोपण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट पाहून ठेवायला दोन मिनिटं पुरतात. स्टेशनाबाहेर कुणी स्वतःहून पुढे येऊन ‘तुमचं हॉटेल बंद पडलंय, रस्ता बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ असं सांगू लागला तर उत्तर न देता हॉटेलला फोन लावा.

करोल बाग पहाडगंजपेक्षा मोकळी, खोल्या जरा मोठ्या, निळा मार्ग हाताशी. शेजारच्या जुन्या राजिंदर नगरात यूपीएससीचा अभ्यास करणारी मराठी मुलं इतकी आहेत, की त्यांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांनी दुसरीकडे बघायचं कारणच नाही. मुलगा मुखर्जी नगरला असेल तर मात्र गणित बदलतं : ते पिवळ्या मार्गावर, जीटीबी नगर स्टेशनाच्या पलीकडे. तसंच एम्सचं. तपासणीसाठी जात असाल तर युसुफ सराय, गौतम नगर किंवा ग्रीन पार्क सोडून कुठेही राहू नका. ओपीडीची रांग पहाटे लागते आणि त्या वेळी मेट्रोचा भरवसा धरता येत नाही.

जुन्या दिल्लीत, चांदनी चौकात राहायची हौस अनेकांना असते. हौस चांगली आहे, पण सामानाचा विचार करा. २०२१ मध्ये नव्याने बांधलेल्या चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी असते. टॅक्सी टोकाला सोडणार. पुढे सायकलरिक्षा, नाहीतर आपले हात. दोन बॅगांचं जोडपं मजेत राहील, आजी-आजोबांसह सहाजणांचं कुटुंब नाही.

कॅनॉट प्लेसला खिसा परवानगी देत असेल तर प्रश्नच मिटला. जवळच बंगला साहिब गुरुद्वारा आहे, तिथल्या लंगरमध्ये एकदा तरी जेवा. एअरोसिटीची हॉटेलं पहाटेच्या विमानासाठी एका रात्रीपुरती ठीक. तिच्या पलीकडचं महिपालपूर मात्र ‘विमानतळाजवळ’ या एका शब्दावर विकलं जातं. स्वस्त खोल्यांची रांगच्या रांग आहे, पण चालत जाण्यासारखं मेट्रो स्टेशन नाही आणि समोरून महामार्ग धावतो.

आणि महाराष्ट्र सदन? हा प्रश्न येणारच. कोपर्निकस मार्गावरचं जुनं आणि २०१३ मध्ये उद्घाटन झालेलं कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं, अशी दोन सदनं आहेत. खोल्यांवर पहिला हक्क लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांचा. एखादं पत्र मिळवून खोली पदरात पडली तर उत्तमच, पण त्या आशेवर बाकीचं बुकिंग लांबवू नका. अधिवेशन चालू असताना तर विचारसुद्धा करू नका.

वेळेचं एक कोडं राहिलं. महाराष्ट्राहून येणाऱ्या रात्रीच्या गाड्यांपैकी बऱ्याच सकाळी पोचतात आणि हॉटेलं खोली देतात दुपारी बारा किंवा दोनला. बुकिंग करतानाच लवकर खोली मिळेल का ते विचारा. नाहीतर सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून छोटं कुलूप घरूनच न्या. प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्डही वरच्या कप्प्यात ठेवा, काउंटरवर सगळ्यांची मागतात.

फिरण्याबद्दल आता फार सांगायचं उरत नाही, कारण खोली नीट निवडली की अर्धं फिरणं सोपं होतं. मेट्रोचं स्मार्ट कार्ड पहिल्याच दिवशी घ्या. तिकिटाची रांग वाचते आणि भाड्यात १० टक्के सूट मिळते. ऑगस्ट २०२५ च्या वाढीनंतर तिकीट ११ रुपयांपासून ६४ रुपयांपर्यंत आहे. एअरपोर्ट मार्गाचं भाडं वेगळं. प्रत्येक स्टेशनात बॅगा यंत्रातून जातात, त्यामुळे सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ राजीव चौक टाळा. मुंबईची लोकल पचवलेल्यांनाही तिथला जिना नको होतो. जाण्याच्या दिशेने पहिला डबा बायकांचा. नवरोजींनी घाईत त्यात शिरू नये, दंड होतो. आणि बाहेर पडताना गेटचा नंबर बघा. राजीव चौकला चुकीच्या गेटने वर आलात तर कॅनॉट प्लेसचं अर्धं वर्तुळ चालावं लागतं.

मेट्रोतून उतरल्यावरचा शेवटचा तुकडा हीच दिल्लीची खरी मेख. वस्त्यांमध्ये ई-रिक्षा मिळते, माणशी दहा-वीस रुपयांत सोडते. ल्युटेन्सच्या दिल्लीत मात्र बंगले, झाडं, गोल चौक, आणि पुन्हा बंगले. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर उन्हात संपत नाही; इंडिया गेटपासून राष्ट्रपती भवनापर्यंतच सुमारे तीन किलोमीटर आहेत आणि वाटेत चहाचं दुकान शोधावं लागतं. २०२५ चं साहित्य संमेलन झालं त्या तालकटोरा स्टेडियमच्या दाराशीसुद्धा मेट्रो नाही. या भागात ऑटो घ्यावीच लागते. सरकारी दर पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला ११. रात्री ११ ते पहाटे ५ पाव पट जास्त. मुंबईकराला मीटर हा हक्क वाटतो. दिल्लीत ‘मीटर से चलोगे?’ विचारलं की ऑटोवाला समोरच्या झाडाकडे बघतो. घासाघीस करण्याचा कंटाळा असेल तर ॲपवरून गाडी मागवा, किंवा निदान ॲपवरचा दर बघून मग बोला.

दिवसांची मांडणी करताना सोमवार सांभाळा. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, कमळ मंदिर ही सगळी सोमवारी बंद. कुतुब आणि हुमायूनची कबर उघडी असतात, तेव्हा ती सोमवारसाठी राखून ठेवा. चांदनी चौकातली दुकानं रविवारी बंद. आग्र्याला जाणार असाल तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत तर मध्य दिल्लीत खोलीच घेऊ नका : २३ तारखेची रंगीत तालीम, २६ ची परेड, २९ चं बीटिंग रिट्रीट, आणि त्यापायी बंद होणारे रस्ते. १५ ऑगस्टच्या आधी लाल किल्लाही काही दिवस पर्यटकांना बंद करतात.

परतीचं विमान असेल तर तिकिटावरचा टर्मिनल नंबर आदल्या रात्री पुन्हा वाचा. नवी दिल्ली स्टेशनाहून निघणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस सुमारे वीस मिनिटांत टर्मिनल ३ ला पोचवते, पण ती टर्मिनल १ ला जात नाही. टर्मिनल १ चं स्टेशन मॅजेंटा मार्गावर आहे. लाजपत नगरला राहणाऱ्यांनी त्यासाठी जांभळ्या मार्गाने कालकाजी मंदिर गाठून तिथे मॅजेंटा धरावा. टर्मिनल ३ साठी गुलाबी मार्गाने दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पसला उतरा; तिथून सरकत्या पट्ट्यांचा लांबलचक पूल धौला कुआँच्या एअरपोर्ट लाइनवर नेऊन सोडतो. चाकांची बॅग असेल तर हा रस्ता टॅक्सीपेक्षा बिनघोर.

पुढच्या आठवड्यात : दिल्लीतलं खाणं, राज्यांच्या भवनांमधल्या कँटीनपासून सुरुवात करून.