गाडीच्या आतली धूळ आणि ज्येष्ठांचा श्वास

परळी वैजनाथला राहणाऱ्या माणसाला धूळ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. 1971 साली येथे औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले. आज तेथे प्रत्येकी 250 मेगावॅट क्षमतेचे 3 संच आहेत. आपल्या देशातील दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारणपणे 30 ते 45 टक्के असते. म्हणजे 100 किलो कोळसा जळाला की 30 किलो किंवा त्याहून अधिक राख मागे उरते. ही राख तळ्यात साठते, वाळते, वाऱ्याबरोबर उडते आणि वीटभट्ट्यांकडे जाणाऱ्या वाहनांतून रस्त्यावर सांडते. उन्हाळ्यात तिच्यात रस्त्यांची आणि शेतांची माती मिसळते. ओसरीवर, खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या पानांवर ती आपल्याला दिसते, म्हणून आपण ती झाडतो, पुसतो. घरच्या गाडीची आतली बाजू मात्र नजरेतून सुटते. बाहेरून गाडी चकचकीत असते. आत आसनांच्या शिवणीत, पायपुसण्यांखाली आणि एसीच्या जाळीमागे तीच राख महिनोन्महिने बसून असते.

या गाडीत आजारी माणूस बसतो, म्हणून हा विषय आरोग्याचा आहे. आपल्या गावातून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला तपासणीसाठी जाणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात. कोणाला दमा, कोणाला जुनाट श्वासनलिकादाह, कोणाचे हृदय कमकुवत. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे 28 घनमीटर हवा मावते. छोट्या गाडीत ती जेमतेम 3 घनमीटर असते. खोलीत जितकी धूळ उडाली तर फारसे काही जाणवणार नाही, तितकीच गाडीत उडाली तर हवा जवळजवळ दहापट गढूळ होते. त्यातून काचा बंद, पंखा चालू आणि तोंडावर थेट झोत.

बारीक कणच अधिक त्रासदायक

माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो. 10 मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकात आणि घशात अडकतात. शिंक किंवा खोकल्यावाटे बाहेर पडतात. 2.5 मायक्रॉनहून लहान कण मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. आपल्या देशाच्या मानकानुसार अशा सूक्ष्म कणांचे प्रमाण 24 तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली हीच मर्यादा 15 मायक्रोग्रॅम सुचवली आहे. कोळशाच्या राखेत प्रामुख्याने सिलिका, ॲल्युमिना आणि लोहाची संयुगे असतात, आणि तिच्यातील बरेचसे कण अतिशय बारीक असतात. तरुण माणूस दोनदा खोकून मोकळा होतो. वयोमानानुसार खोकल्याचा जोर कमी होतो, श्वासनलिका साफ ठेवणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, आणि तोच कण वृद्धाच्या छातीत अधिक काळ राहतो.

एक उदाहरण सांगतो. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत असत. घरी त्यांचा दमा आटोक्यात होता; लातूरला जाऊन आले की मात्र दोन दिवस छातीत घरघर असे. मुलाला वाटे, एसीचा गारठा बाधतो. विचारपूस केली तेव्हा कळले की, वडील बसण्यापूर्वी पाच मिनिटे तो मोठ्या प्रेमाने गाडी आतून कोरड्या फडक्याने झटकत असे. एसीची गाळणीही गाडी घेतल्यापासून कोणी उघडून पाहिली नव्हती. गाळणी बदलली आणि झटकणे थांबवून आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसणे सुरू केले. त्यानंतरचे प्रवास त्यांना पुष्कळ सुसह्य झाले. याचा अर्थ गाडी पुसल्याने दमा बरा होतो, असा नव्हे. औषधे चालूच राहिली. पण औषधाने शांत केलेली श्वासनलिका आपल्याच हाताने पुन्हा चिडवायची नाही, एवढे आपल्याला करता येते.

सफाई कधी आणि कोणी करावी

पहिला नियम असा की, दवाखान्याला जायचे त्या सकाळी गाडी आतून साफ करू नये. ती आदल्या दिवशीच करावी. उडालेले बारीक कण खाली बसायला वेळ लागतो. सफाई चालू असताना दम्याच्या रुग्णाने घरात, दुसऱ्या बाजूच्या खोलीत बसावे.

वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची निवडावी. गाडी सावलीत उभी करून चारही दारे उघडावीत आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आपण उभे राहावे. इंजिन बंद असावे. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साईड या वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो. नाकावर एन-95 मास्क लावावा. उपरणे किंवा ओढणी मोठी धूळ अडवते, बारीक राख पुरेशी अडवत नाही.

काही घरांत आजोबांनाच या कामाची हौस असते. त्यांना अडवू नये, पण काम वाटून द्यावे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून एकदम उठल्यावर चक्कर येते. गाडीत वाकताना तर डोके कमरेच्याही खाली जाते. म्हणून आसनाखालची सफाई तरुणांनी करावी. धूळ खाली बसल्यावर आजोबांनी सावलीत खुर्चीवर बसून चष्म्याची पेटी, कागदपत्रांची फाईल, पाण्याच्या बाटल्या अशा वस्तू पुसाव्यात.

दोन तांब्यांत होणारे काम

पाण्याची टंचाई आपल्याला नवी नाही. 2015 साली तर पाण्याअभावी येथील वीजनिर्मितीच थांबवावी लागली होती. सुदैवाने गाडीच्या आतल्या सफाईला पाणी फार लागत नाही, आणि जास्त वापरले तर ते अपायकारक ठरते.

प्रथम आतला कचरा काढावा. वैजनाथाच्या दर्शनाहून येताना आणलेल्या प्रसादाचे कण, खोबऱ्याचे तुकडे, वाळलेली फुले, सांडलेले शेंगदाणे हे सारे मुंग्या, झुरळे आणि उंदरांना आमंत्रण असते. पायपुसणी अलगद, न झटकता बाहेर न्यावीत. रबरी असतील तर ओल्या फडक्याने पुसावीत, कापडी असतील तर धुऊन उन्हात पूर्ण वाळवावीत.

घरी व्हॅक्यूम क्लीनर असल्यास त्याचे अरुंद तोंड आसनांच्या फटींत फिरवावे; यंत्र मात्र गाडीबाहेर ठेवावे. साध्या यंत्रातून बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा बाहेर पडते. यंत्र नसेल तरी काही अडत नाही.

त्यानंतर पुसणे. एका तांब्यात साध्या पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब टाकावेत, दुसऱ्यात स्वच्छ पाणी घ्यावे. मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचे फडके भिजवून घट्ट पिळावे. ते दोनदा घडी केले की पुसायला आठ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी घ्यावी. छतापासून सुरुवात करून खाली यावे, म्हणजे पुसलेल्या जागी धूळ पुन्हा पडत नाही. एसीच्या झरोक्यांत रंगकामाचा छोटा मऊ ब्रश फिरवावा आणि खाली ओले फडके धरावे. दाराच्या मुठी, काचेची बटणे, सीटबेल्टची कडी यांना सर्वांचे हात लागतात. त्या साबणाच्या फडक्याने पुसाव्यात.

कापडी आसनांवर पाणी ओतू नये. साबणाचा फेस लावून, पुसून कोरडे करावे. ओला राहिलेला फोम एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागतो, आणि बुरशीचा कुबट वास हा दमेकऱ्यासाठी धोक्याचा इशारा आहे. शेवटी काचा आतून पुसाव्यात. आतल्या काचेवरील पातळ थरामुळे रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश फाकतो. मोतीबिंदू सुरू झालेल्या चालकाला त्याचा त्रास सर्वाधिक होतो. काम संपल्यावर दारे उघडी ठेवून आतील भाग पूर्ण वाळू द्यावा.

एसीची गाळणी अनेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे असते. गाडीच्या पुस्तिकेत ती बदलण्याची मुदत दिलेली असते. आपल्याकडच्या धुळीत ती त्याआधीच पाहावी. काही गाड्यांत गाळणी बसवलेलीच नसते. ओळखीच्या मेकॅनिकला विचारून घ्यावे. राखेच्या वाहनांमागून जाताना आतलीच हवा फिरवणारे बटण चालू करावे आणि मोकळा रस्ता लागला की पुन्हा बाहेरची हवा घ्यावी. बंद गाडीत तीच हवा फार वेळ फिरली तर श्वासातला कर्बवायू साठून चालकाला सुस्ती येते.

काय टाळावे

गाडीत सुगंधी फवारे, डांबराच्या गोळ्या आणि अगरबत्ती नको. वास झाकला जातो, श्वास मात्र चिडतो. देवाच्या मूर्तीपुढे उदबत्ती लावायचीच असेल तर ती गाडीबाहेर लावून आरती ओवाळावी. फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर यांचा गाडीत वापर करू नये; ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. डॅशबोर्ड चमकवणारे तेलकट द्रव मुठींवर आणि पायाशी लागले तर वृद्धांचा हात किंवा पाय घसरतो.

साफ करताना कप्प्यात विसरलेली औषधे सापडतात, ती तपासावीत. उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान अर्ध्या तासातच बाहेरच्यापेक्षा 15 ते 20 अंशांनी वाढू शकते. अशा उष्णतेत इन्सुलिन निकामी होते, आणि दाबाखाली औषध भरलेला इन्हेलर फुटण्याचा धोका असतो. औषधे उतरताना बरोबर न्यावीत. माणसाला तर अशा गाडीत दोन मिनिटांसाठीही बसवून जाऊ नये.

अपघात झाला तर

प्रवासात वृद्धांना उलटी होते, कधी लघवीवर ताबा राहत नाही. घरात असे झाले तर सावरता येते; गाडीत झाले की माणूस मनातून खचतो. अशा प्रसंगानंतर ‘मला आता कुठे नेऊ नका’ म्हणणारे आणि तपासण्या बुडवणारे ज्येष्ठ मी पाहिले आहेत. म्हणून आसनावर आधीच जलरोधक चादर आणि तिच्यावर सुती चादर घालावी. औषधांच्या दुकानात मिळणारे शोषक पॅडही चालतात. डाग पडलाच तर हातमोजे घालून जाड भाग उचलावा, कोरड्या फडक्याने दाबून ओल टिपावी, घासू नये. मग साबणाच्या पाण्याने दोनदा पुसावे आणि उन्हात दारे उघडी ठेवावीत. हे काम त्यांच्यासमोर नाक मुरडून करू नये. त्यांना आधी घरात नेऊन कपडे बदलू द्यावेत, आणि त्या प्रसंगाची चर्चा पाहुण्यांपुढे करू नये.

पंधरा दिवसांतून एकदा, तासाभराचे एवढे काम पुरते. तरीही खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर धुळीला दोष देत बसू नये. थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्यावी. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर गाडी स्वच्छ आहे की नाही याचा विचारही न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.