आचार्य प्रफुल्लचंद्र रे : रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाचे जीवितकार्य

विश्वविद्यालयीन प्राध्यापकाच्या कार्याचे मूल्यमापन सामान्यतः त्याने प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांवरून केले जाते. ही कसोटी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. ज्या देशात संशोधनाची परंपराच अस्तित्वात नसते, तेथे प्राध्यापकाला स्वतः संशोधन करून थांबता येत नाही. संशोधनास अनुकूल अशी परिस्थितीही त्यालाच निर्माण करावी लागते. कलकत्त्याचे आचार्य प्रफुल्लचंद्र रे यांचे जीवन या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या खुलना भागातील रारुली या गावी झाला. गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते १८८२ मध्ये एडिंबरो येथे गेले. तेथे क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली त्यांनी रसायनशास्त्राचे अध्ययन केले आणि ताम्र-मॅग्नेशियम गटातील धातूंच्या संयुक्त सल्फेटांवरील प्रबंधाबद्दल १८८७ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी संपादन केली. स्वदेशी परतल्यावर मात्र या पदवीचे चीज झाले नाही. शिक्षणखात्यातील वरिष्ठ श्रेणीची दारे त्या काळी भारतीयांना जवळजवळ बंद होती. काही काळ प्रतीक्षा केल्यानंतर १८८९ मध्ये त्यांना कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपये वेतनावर साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली.

त्या वेळी कॉलेजातील रसायनशाळेचे काम मुख्यतः अध्यापनापुरतेच होते. उपलब्ध साधनांनी साध्य होईल आणि देशालाही उपयोगी पडेल असा विषय प्रफुल्लचंद्रांनी प्रथम निवडला. तो म्हणजे तूप, मोहरीचे तेल इत्यादी स्निग्ध पदार्थांतील भेसळीची परीक्षा. भेसळ ओळखावयाची तर शुद्ध पदार्थाचे गुणधर्म प्रथम निश्चित व्हावयास हवेत. म्हणून गाईचे दूध आपल्यासमोर काढवून व मोहरी आपल्यासमोर गाळवून त्यांनी नमुने मिळविले. सुमारे तीन वर्षांच्या या परिश्रमाचे फलित १८९४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यांच्या नावाशी निगडित झालेला शोध यानंतरचा. मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीतील रिकाम्या जागा भरून काढील असे एखादे मूलद्रव्य भारतीय खनिजांत सापडेल, या आशेने त्यांनी अनेक दुर्मिळ खनिजांचे पृथक्करण आरंभिले होते. ती आशा सफल झाली नाही. परंतु कॅलोमेल तयार करण्यासाठी लागणारे मर्क्युरस नायट्रेट मिळविताना, पाऱ्यावर सौम्य नायट्रिक आम्लाची थंड अवस्थेत क्रिया होत असता, पिवळे स्फटिक साचलेले त्यांना दिसले. हा एखादा भस्मधर्मी लवण असावा, असे प्रथमदर्शनी वाटले. तथापि सूक्ष्म परीक्षेअंती तो मर्क्युरस नायट्राइट असल्याचे सिद्ध झाले. हा निबंध १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या संयुगाचे महत्त्व त्याच्या अनपेक्षित स्थैर्यात आहे. मर्क्युरस संयुगांत पाऱ्याचे दोन अणू परस्परांशी जोडलेले असतात आणि अशा संयुगाचे विघटन होऊन धातुरूप पारा व मर्क्युरिक संयुग बनण्याची प्रवृत्ती असते. नायट्राइट गटही सहज विघटन पावणारा आहे. अशा दोन अस्थिर घटकांच्या संयोगातून स्फटिकरूप पदार्थ मिळावा, हे आश्चर्यकारक होते. पुढे नायट्राइट हाच प्रफुल्लचंद्रांच्या अभ्यासाचा मुख्य विषय झाला. अमोनियम नायट्राइट तापविल्यास नायट्रोजन व पाणी यांत त्याचे रूपांतर होते. तरीही निर्वात अवस्थेत त्याचे ऊर्ध्वपातन करता येते आणि त्याचे बाष्प अस्तित्वात असते, हे बाष्पघनता मोजून त्यांनी दाखविले. १९१२ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्यांनी या विषयावर निबंध वाचला.

अध्यापन व संशोधन यांच्या जोडीला त्यांनी इतरही कार्ये अंगावर घेतली. रसायनशास्त्राच्या पदवीधरास नोकरीखेरीज अन्य मार्ग खुला व्हावा, या हेतूने १८९२ मध्ये त्यांनी आपल्या राहत्या जागीच औषधनिर्मितीस आरंभ केला. १९०१ मध्ये या उद्योगाची ‘बेंगॉल केमिकल’ ही मर्यादित कंपनी झाली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी प्राचीन रसग्रंथांचे परिशीलन केले. हिंदू रसायनशास्त्राच्या त्यांच्या इतिहासाचे दोन खंड अनुक्रमे १९०२ व १९०९ मध्ये बाहेर पडले.

त्यांच्या राहणीविषयी एक साक्ष महाराष्ट्राशी संबंधित आहे. १९०१ च्या काँग्रेस अधिवेशनानंतर गांधीजी कलकत्त्यास नामदार गोखले यांच्याकडे सुमारे महिनाभर राहिले होते. त्या वेळी गोखल्यांनी प्रफुल्लचंद्रांची ओळख करून देताना सांगितले की, हे प्राध्यापक आपल्या ८०० रुपये मासिक वेतनातील केवळ ४० रुपये स्वतःसाठी ठेवतात व उरलेली रक्कम लोककार्यास देतात. गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग नमूद केला आहे.

१९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर प्रफुल्लचंद्र कलकत्ता विश्वविद्यालयाच्या सायन्स कॉलेजात रसायनशास्त्राचे पहिले पालित प्राध्यापक झाले. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष यांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या या संस्थेत अध्यासने भारतीयांनीच भूषवावीत अशी अट होती. त्यामुळे पूर्वी श्रेणीच्या प्रश्नावर डावलल्या गेलेल्या या अध्यापकास येथे आपल्या योग्यतेचे स्थान लाभले. १९२१ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आपले पुढील सर्व वेतन विश्वविद्यालयातील रसायनशास्त्राच्या विकासासाठी देऊन टाकले. १९३६ पर्यंत ते या पदावर राहिले. त्यांचा निवास सायन्स कॉलेजच्या इमारतीतील एका खोलीतच असे. ते अविवाहित होते आणि विद्यार्थी हाच त्यांचा परिवार होता.

या परिवाराची व्याप्ती पाहिली म्हणजे प्रारंभी उल्लेखिलेल्या कसोटीची अपूर्णता स्पष्ट होते. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी व प्रियदारंजन रे हे रसायनशास्त्रज्ञ त्यांचे शिष्य होत. पदार्थविज्ञानाकडे वळलेले मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस यांनीही प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांच्याकडे अध्ययन केले होते. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भारतीय संशोधकांना आपले निबंध प्रसिद्ध करण्यासाठी स्वदेशातच एक विद्वत्मान्य व्यासपीठ त्यामुळे प्राप्त झाले.

१६ जून १९४४ रोजी सायन्स कॉलेजमधील त्याच खोलीत प्रफुल्लचंद्रांचे देहावसान झाले. २०११ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्यांच्या स्मरणार्थ रसायनशास्त्रीय स्मृतिफलक दिला. युरोपबाहेर दिला गेलेला हा पहिलाच असा फलक होय. ज्या मूलद्रव्याच्या शोधार्थ ते निघाले होते ते त्यांना सापडले नाही. परंतु केवळ अध्यापनासाठी असलेल्या प्रयोगशाळेतून नवे ज्ञान निर्माण होऊ शकते, हे त्यांनी सिद्ध केले आणि ते कार्य पुढे चालविणारी पिढीही तयार केली. प्राध्यापकाच्या जीवितकार्यात या दुसऱ्या गोष्टीचे मूल्य पहिलीहून कमी मानता येणार नाही.