सेटिंग कुणाची, जागा कुठली? प्लग-इनच्या प्रेफरन्सेसचा मागोवा

आयबीएमने नोव्हेंबर २००१ मध्ये एक्लिप्स हे प्रोग्रामिंगचं साधन सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याची खरी ताकद होती प्लग-इनची रचना. जावाचा एडिटर असो, डीबगर असो की सीव्हीएसची जोडणी, सगळे प्लग-इनच. बाहेरच्या कुणालाही आपला प्लग-इन त्यात बसवता येत होता आणि ‘प्रेफरन्सेस’च्या खिडकीत स्वतःचं पान जोडता येत होतं. या मोकळिकीमुळे एक्लिप्स झपाट्याने पसरलं. पण त्यातूनच एक प्रश्न उभा राहिला: ही सेटिंग नेमकी कुणाची, आणि जिला ती हवी आहे ती व्यक्ती ती कुठे शोधेल? प्रोग्रामिंगच्या साधनांचा पुढचा प्रवास पाहिला, की हाच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवलेला दिसतो.

सुरुवात जागेपासून झाली. एक्लिप्समधला प्लग-इन आपल्या एक्सएमएल फाईलमध्ये पानाचं नाव, आयडी, क्लास आणि ‘कॅटेगरी’ सांगतो. कॅटेगरी भरली तर पान त्या गटाखाली जातं. रिकामी ठेवली तर थेट पहिल्या ओळीत येतं. पहिल्या ओळीत आपलं नाव झळकावं, हा मोह प्लग-इन लिहिणाऱ्याला होतोच. मग डावीकडची यादी लांबत जाते आणि तिच्यात कामांऐवजी उत्पादनांची नावं दिसू लागतात. जावाचा कोड तपासणाऱ्या प्लग-इनची सेटिंग माणूस ‘जावा’खाली शोधणार, हे उघड आहे. एक्लिप्सच्या मार्गदर्शक तत्त्वांचा सल्लाही साधा होता: एका पानापासून सुरुवात करा, गरज पडली तरच पानं वाढवा.

दुसरा टप्पा २००४ सालचा, एक्लिप्स ३.० चा. तोवर बहुतेक प्रेफरन्सेस वर्कस्पेसमध्ये, म्हणजे एकेकाच्या संगणकावर राहत. टीममध्ये नवा माणूस आला की कुणीतरी आपल्या प्रेफरन्सेस एक्सपोर्ट करून त्याला फाईल द्यायचा. ती इम्पोर्ट करायची राहिली की कोडमध्ये कुठे टॅब, कुठे स्पेस. दोन ओळींच्या बदलासाठी अख्खी फाईल बदललेली दिसायची आणि रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल हुडकत बसावं लागायचं. ३.० ने सेटिंग्जना पातळ्या दिल्या: प्रोजेक्ट, वर्कस्पेस, इन्स्टॉलेशन आणि डीफॉल्ट. प्रोजेक्टची सेटिंग विचारात घ्यायची असेल तर शोध याच क्रमाने होतो, आणि जिथे किंमत सापडते तिथे थांबतो.

त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. प्रोजेक्टमधल्या ‘डॉट सेटिंग्ज’ फोल्डरमध्ये प्लग-इनच्या नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. एका ओळीत एक नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत: जावाची आवृत्ती १७, इंडेंटसाठी स्पेस. ही फाईल कोडसोबत रिपॉझिटरीत जाते. कोणी ती बदलली तर तो बदल बाकीच्या कोडसारखाच रिव्ह्यूला येतो. टीमचा निर्णय टीमच्या ताब्यात आला, आणि फॉन्ट किंवा रंग ज्याचे त्याच्याकडे राहिले. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वात मोलाचं पाऊल हेच.

२००५ मध्ये ३.१ आलं आणि प्रेफरन्सेसच्या खिडकीत शोधाची चौकट आली. प्लग-इनला आपल्या पानासोबत कीवर्ड देता येऊ लागले, म्हणजे पानाच्या नावात नसलेला शब्द टाइप केला तरी पान सापडावं. पण कीवर्ड देणं प्लग-इन लिहिणाऱ्यावर होतं. ज्यांनी दिले नाहीत त्यांची पानं शोधात मागे राहिली.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरने २०१५ नंतर ही जबाबदारी वेगळ्या तऱ्हेने वाटली. तिथे एक्स्टेंशन, म्हणजे तिथला प्लग-इन, सहसा स्वतःचं पान बांधत नाही. प्रत्येक सेटिंगचं नाव, प्रकार, डीफॉल्ट आणि वर्णन जेसन फाईलमध्ये जाहीर करतं. पान एडिटर तयार करतो, त्यामुळे मांडणी सगळीकडे सारखी राहते आणि शोध वर्णनापर्यंत पोचतो. ऑगस्ट २०१८च्या आवृत्तीपासून पानाचं हे दृश्य रूप नेहमीचं झालं. जुलै २०२०च्या आवृत्तीत सेटिंग्ज सिंक, म्हणजे सेटिंग्ज एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणारी सोय, सर्वांसाठी आली, तेव्हा पातळ्यांचं महत्त्व पुन्हा पटलं: ‘या संगणकापुरती’ म्हणून जाहीर केलेली सेटिंग दुसऱ्या संगणकावर आपोआप जात नाही. एका लॅपटॉपवरचा कंपायलरचा पाथ दुसऱ्यावर नेऊन काय उपयोग?

आज शोध वेगवान झाला आहे, तरी निर्णय माणसालाच घ्यावे लागतात. सेटिंग व्यक्तीची, टीमची की यंत्राची, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते प्लग-इन लिहिणाऱ्यालाच माहीत असतं आणि त्यानेच जाहीर करायला हवं. त्याहून आधी, विचारपूर्वक निवडलेला डीफॉल्ट द्यायला हवा. तो चांगला असेल तर बहुतेकांना ते पान उघडावंच लागत नाही. नवा चेकबॉक्स जोडणं लिहिणाऱ्याला सोपं असतं, पण त्यामागचा निर्णय मग वापरणाऱ्या प्रत्येकाच्या माथी येतो. म्हणून नवी सेटिंग जोडण्यापूर्वी ती कुणासाठी आहे याचं एका वाक्यात उत्तर देता यायला हवं, आणि ते देता येत नसेल तर ती सेटिंग नसलेलीच बरी.