पंखा बसवला आणि बॅटरी बसली

जुन्या जीपचा बेल्टवर फिरणारा पंखा काढून तिथे इलेक्ट्रिक फॅन बसवणारे बरेच आहेत. पावसाळ्यानंतर आंबेनळीसारख्या घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी तापली की हा बदल सुचतोच, आणि तो मुळात चुकीचा नाही. पण काही दिवसांनी सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो आणि निदान जागच्या जागी ठरतं: डायनॅमो गेला. नवा येतो, पैसे जातात, बॅटरी पुन्हा बसते. हे टाळण्यासाठी लागतो एक साधा मल्टीमीटर आणि अर्धा तास.

पहिला गैरसमज विजेच्या हिशेबाचा. ‘एवढीशी मोटर, ती किती ओढणार?’ जीपच्या रेडिएटरला पुरेल असा फॅन चालताना साधारण 12 ते 18 अँपिअर घेतो. दोन्ही हेडलाइट मिळून लो बीमवर नऊएक अँपिअर घेतात, म्हणजे फॅनचा भार त्याहून जास्त. सुरू होण्याच्या क्षणी तर तो याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. दुसऱ्या बाजूला, सगळे ज्याला डायनॅमोच म्हणतात त्या अल्टरनेटरच्या पाटीवर 45 अँपिअर लिहिलं असलं, तरी तेवढे मिळतात ते इंजिन चांगल्या वेगात असताना. आयडलिंगला त्याच्या निम्मे मिळाले तरी खूप. गाडीला अजून जुना, खराखुरा डायनॅमो असेल तर त्याची पूर्ण ताकदच 22 अँपिअरच्या आसपास असते आणि आयडलिंगला तो जवळपास काहीच देत नाही. अशा गाडीला इलेक्ट्रिक फॅन जोडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सिग्नलला उभं असताना फॅन सुरू झाला, दिवे क्षणभर मंदावले आणि व्होल्टेज 13 च्या थोडं खाली आलं, तर तो बिघाड नव्हे. ती तूट गाडी चालू लागल्यावर भरून निघते. तपासायचं ते इंजिन 1500-2000 आरपीएमवर ठेवून, फॅन आणि हेडलाइट चालू करून, मीटरच्या तारा थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवून. तिथे 13.5 ते 14.4 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. त्यामुळे इंजिन चालू असतानाही आकडा 12.6 किंवा त्याखालीच राहिला, तर बॅटरीत भर पडत नाही हे नक्की.

मग दोष कुठे? बहुतेक वेळा तो पंखा काढण्याच्या कामातच झालेला असतो, आणि त्याकडे कुणी बघत नाही. अनेक जीपमध्ये पंखा, त्याचा स्पेसर आणि वॉटर पंपाची पुली हे सगळं त्याच चार बोल्टांवर कसलेलं असतं. पंखा आणि स्पेसर निघाले, पण तेच लांब बोल्ट परत लावले, तर ते पुली घट्ट आवळण्याआधीच तळाला टेकतात. बोल्ट कसलेले वाटतात आणि पुली मात्र किंचित डुगडुगत राहते. इथे आखूड बोल्टच हवेत. त्याच पुलीवरचा बेल्ट अल्टरनेटरही फिरवतो आणि या कामात तो सैल केलेला असतो. फॅनचा भार आला की अल्टरनेटर फिरवायला जड जातो, सैल बेल्ट घसरतो. फॅन चालू होताच बारीक किंचाळी ऐकू येते, पुलीजवळ काळी भुकटी साठते. इंजिन बंद करून बेल्टचा लांब पट्टा मधोमध अंगठ्याने दाबावा. तो साधारण 10-12 मिलिमीटरच दबला पाहिजे.

बेल्ट ठीक असेल तर तारांकडे वळावं. ‘तार जोडलेली आहे ना, मग झालं’ हे वीस वर्षं जुन्या वायरिंगला लागू पडत नाही. एक चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तारेतून 15 अँपिअर नेले तर जवळपास एक व्होल्ट तारेतच खर्च होतो. चार्जिंगमध्ये एक व्होल्ट म्हणजे भरलेली आणि अर्धवट राहिलेली बॅटरी यांतला फरक. सगळा भार चालू ठेवून मीटरची एक तार अल्टरनेटरच्या बी टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरा. फरक 0.3 व्होल्टच्या आत हवा. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातला फरक बघा, तो 0.2 च्या आत हवा. जास्त निघाला तर गंज, रंगावर कसलेलं अर्थिंग किंवा सैल लग, यांपैकी काहीतरी आहे. अल्टरनेटरला लगेच दोष देऊ नये.

फॅनची तार इग्निशनच्या लाइनवर जोडण्याची सवय तर फार महागात पडते. रेग्युलेटर बाहेर असलेल्या अनेक गाड्यांमध्ये तो त्याच लाइनवरून व्होल्टेज ओळखतो. फॅनमुळे तिथे व्होल्टेज पडलं की चार्जिंग कमी पडतंय असं धरून तो अल्टरनेटरला आणखी जोर लावायला लावतो. परिणाम उलटाच: बॅटरी ओव्हरचार्ज होते, तिचं पाणी वारंवार उतरतं. इग्निशनची तार फक्त रिलेला इशारा देण्यापुरती असावी; फॅनचा प्रवाह रिलेमार्फत, स्वतंत्र जाड तारेने, फ्यूज लावून न्यावा. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. तार तीच ठेवून फ्यूज वाढवला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळते.

‘अ‍ॅमीटर चार्ज दाखवतोय, म्हणजे बॅटरी भरतेय’ हाही असाच फसवा विश्वास. फॅन थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवर जोडला असेल, तर अल्टरनेटरकडून फॅनकडे जाणारा प्रवाहही अ‍ॅमीटरमधूनच जातो. काटा चार्जकडे झुकतो आणि प्रत्यक्षात बॅटरीला काहीच मिळत नसू शकतं. अशा गाडीत व्होल्टमीटरवरच विसंबावं.

मोठी बॅटरी घातल्याने त्रास मिटत नाही, फक्त चार दिवस उशिरा येतो. बॅटरी वीज तयार करत नाही. आणि चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून ‘डायनॅमो चेक’ करण्याची पद्धत अल्टरनेटरच्या गाडीत कटाक्षाने टाळावी. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतो. चांगला अल्टरनेटर या तपासणीतच जाऊ शकतो.

फॅन सतत फिरत असेल तर त्याची दिशाही बघा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट जोडले तर तो समोरून येणाऱ्या हवेशी झगडतो, रेडिएटर थंड होत नाही, थर्मोस्विच त्याला बंद करत नाही आणि भार दिवसभर चालू राहतो. हात घालण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कारण किल्ली बंद असतानाही काही जोडण्यांमध्ये फॅन अचानक सुरू होतो.

हे सगळं तपासून झालं, बेल्ट आणि तारा चोख निघाल्या, तरीही सगळ्या भारासह 2000 आरपीएमवर बी टर्मिनलपाशीच 13 व्होल्ट मिळत नसतील, तर अल्टरनेटर तपासून घ्यावा. तो निर्दोष निघाला तर तो खरोखरच लहान पडतोय. मग 65 किंवा 75 अँपिअरचा घ्यावा, पण त्याची बॅटरीकडे जाणारी तारही त्याच दिवशी बदलून जाड घ्यावी आणि जुना अ‍ॅमीटर त्या मार्गातून बाजूला काढावा. तो इतक्या प्रवाहासाठी बनवलेला नसतो.