गावाचे नाव आणि हाताचे नाव

पाहुणा मुंबईस परत निघाला की त्याच्या पिशवीत पापडांचे एक पुडके घालावयाचे, हा पेणेतील जुना शिरस्ता आहे. ती पिशवी दादरला किंवा ठाण्याला उघडली जाते, पापड तळला जातो आणि घरातले कोणीतरी म्हणते, "पेणचा दिसतो!" या दोन शब्दांत गावाचा केवढा गौरव आहे! परंतु तो पापड लाटला कोणी, हे त्या घरात कोणी विचारीत नाही. आणि विचारलेच, तर आपणांपैकी फारच थोड्यांना उत्तर देता येईल. गावाचे नाव सर्वांच्या तोंडी आणि करणारा हात मात्र निनावी, अशी ही स्थिती आहे. लहान अन्नोत्पादकांना पुरस्कार देण्याची जी प्रथा अलीकडे जगभर रूढ होत आहे, तिचा विचार आम्ही येथे करणार आहो, तो या निनावी हाताच्या निमित्ताने.

प्रथम हा हात करतो काय, ते पाहू. पोहे ही दिसावयास अगदी साधी वस्तू. भात भिजवावयाचे, निथळावयाचे, तापलेल्या वाळूत भाजावयाचे आणि गरम आहे तोवर चेपावयाचे. एवढीच तिची कृती. पूर्वी चेपण्याचे काम उखळ-मुसळ करी, पुढे ते गिरणीकडे गेले. परंतु गिरणी आली म्हणून कसब गेले नाही. भात कमी भिजले तर दाणा फुटून कणी होते, जास्त भिजले तर लगदा होतो. भट्टीचा जाळ चढला तर पोह्याला करपट वास लागतो, उतरला तर पोहा चामट होतो. नेमका क्षण कोणता, हे भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला आणि बोटांना कळते.

पापडाचीही तीच गोष्ट. उडदाचा असो, पोह्यांचा असो की तांदळाची फेणी असो, पीठ, मीठ, पापडखार, हिंग आणि मिरची यांचे माप ज्याच्या त्याच्या घरचे असते. खार थोडा अधिक पडला की पापड तळताना लाल होतो आणि जिभेला कडवट लागतो. कमी पडला की फुलत नाही. पीठ कुटण्यात आळस झाला तर लाटताना कडा फाटतात. शिवाय कोकणातील हवा दमट. होळीपासून मृगापर्यंत जे काही ऊन मिळेल तेवढ्यात वर्षाची बेगमी करावयाची. पोह्यांच्या पिठाची मिरगुंडे ज्या अंगणात वाळतात, त्या अंगणात कावळ्यावर नजर ठेवणारी म्हातारीसुद्धा या धंद्यातील एक कामगारच समजली पाहिजे!

रोह्याकडे वळावे, तर तेथील शिवारातही असेच चित्र दिसते. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल येतो. थंडीत त्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्याबरोबर मडक्यात घालून पोपटी लावतात, आणि तोच वाल सुकवून वर्षभर बिरड्याला पुरवतात. पावसाळ्यात कातकरी आणि ठाकूर बाया डोंगरातून शेवळे, भारंगी, कर्टुली बाजारात आणून बसतात. कोणते शेवळ खाजरे आणि कोणते गोड, हे ज्ञान कोणत्याही शाळेत शिकविले जात नाही. खाडीकाठच्या खारेपाटात काळा राता नावाचे जुने भात खाऱ्या जमिनीतही तग धरते. ते बी पिढ्यान्‌पिढ्या घरोघर जपले गेले, म्हणूनच आज उरले आहे. ही सारी माणसे उत्पादक आहेत. मात्र स्वतःला उत्पादक म्हणवून घेण्याची त्यांना सवय नाही.

आता कोणी म्हणेल, मालाच्या गुणवत्तेसाठी सरकारी व्यवस्था आहेतच, मग पुरस्काराचे वेगळे प्रयोजन काय? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देताना तीन गोष्टी वेगवेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली शुद्धता. शेतमालाची प्रतवारी व चिन्हांकन यांचा कायदा 1937 साली झाला आणि त्यातून ॲगमार्कचा शिक्का आला. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने लहान उत्पादकालाही नोंदणी आवश्यक केली. हा शिक्का सांगतो की माल खाण्यास योग्य आहे. तो उत्तम आहे असे मात्र तो सांगत नाही. दुसरी गोष्ट स्थळाची. 1999 च्या कायद्याने भौगोलिक मानांकनाची सोय केली. तो अंमलात आला 2003 साली. आपल्या शेजारच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला हे मानांकन मिळालेले आहे. वडखळच्या नाक्यावर त्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या आपण नेहमी पाहतो. तो माल खरोखरीच त्या मातीतला, हे सांगण्याचा आधार आता शेतकऱ्याला लाभला. पण मानांकन सांगते ते गावाचे. त्या गावातील कोणाचा कांदा सरस, याविषयी ते मौन पाळते. तिसरी गोष्ट व्यक्तीची. "ही वस्तू अमक्याने केली, आणि ती चांगली केली," एवढे एकच वाक्य पुरस्कार बोलतो. पण हे वाक्य दुसरा कोणताही शिक्का बोलत नाही.

ही कल्पना केवळ पाश्चात्त्यांची आहे, असेही नाही. 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे 1890 साली त्याच शहरात औद्योगिक परिषद भरवितात, यात आम्हांला एक सुसंगती दिसते. लोकांना विचार ऐकवावा आणि लोकांचा उद्योगही चारचौघांपुढे मांडावा, ही एकाच कामाची दोन अंगे होत.

बाहेर पाहिले तर फ्रान्समध्ये 1870 पासून कृषिमालाची राष्ट्रीय स्पर्धा चालत आलेली आहे. तेथे मद्य, लोणी, चीज इत्यादी वस्तू उत्पादकाचे नाव झाकून परीक्षकांपुढे ठेवतात, आणि मिळालेले पदक उत्पादकाला आपल्या मालावर छापता येते. इंग्लंडात 1994 साली सुरू झालेल्या अशाच एका स्पर्धेत वेष्टन काढून केवळ पदार्थच चाखावयास देतात. बी.बी.सी. नभोवाणीने 2000 साली जे अन्न व शेती पुरस्कार सुरू केले, त्यांसाठी नावे सुचवितात ते श्रोते. गल्लीतला पाववाला किंवा खेड्यातली दूधवाली यांची नावे त्यांचे गिऱ्हाईकच पुढे करते. या तिन्हींतून एकच धडा मिळतो: परीक्षा जिभेने व्हावी, जाहिरातीने नव्हे.

मात्र पुरस्काराने सर्व काही साधते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्याच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातील वेगळी लोंबी हेरून, निवडीने एच.एम.टी. हे बारीक तांदळाचे वाण सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्या वाणाला मिळाले. ते वाण दूरदूरच्या शेतांत गेले. 2005 साली राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरवही झाला. तरीही 2018 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या घरची ओढगस्त संपलेली नव्हती. नाव झाले, पण नावामागून उत्पन्न आले नाही. सत्काराची शाल थंडीत उपयोगी पडते खरी. चूल पेटवावयास ती पुरत नाही.

याच्या उलट दुसरे उदाहरण पापडाचेच आहे. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली, आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. येथे मान बासष्ट वर्षांनी आला, परंतु त्याच्या आधीच लाटणाऱ्या बाईला आपल्या घामाचा वाटा मिळू लागला होता. कारण ती तेथे मजूर नव्हे, सभासद होती. या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते की पुरस्कार हा शेवटचा टिळा नसावा. त्याने गिऱ्हाईकाला करणाऱ्याच्या दारापर्यंत आणून सोडले पाहिजे.

तेव्हा पेण-रोह्यास असा उपक्रम कोणी करू म्हणेल, तर आमच्या मते त्याने पुढील पथ्ये पाळावीत. प्रवेशशुल्क नसावे, ज्याला ते परवडते तो बहुधा लहान नसतो. नाव गिऱ्हाईकाने सुचवावे, कारण डोंगरातली शेवळे विकणारी बाई अर्ज भरावयास येणार नाही. चाचणी नाव झाकून व्हावी, आणि परीक्षकांत स्वयंपाकात मुरलेली गृहिणी, एक व्यापारी आणि स्वतः हा माल करणारा कोणीतरी असावा. स्पर्धेसाठी मुद्दाम केलेल्या नमुन्यावर निकाल देऊ नये. काही महिन्यांनी, न सांगता, बाजारातून तोच माल विकत घेऊन पुन्हा चाखावा. बक्षीस भट्टीच्या मालकाला मिळाले, तर भट्टीवरच्या कारागिराचेही नाव त्याच पत्रावर असावे. आणि बक्षीस म्हणून पितळी ढाल देण्यापेक्षा पुड्यावर छापावयाचे नाव-पत्त्याचे लेबल आणि वर्षभराची नक्की मागणी द्यावी. गावातील मंडळे, शाळा आणि लग्नघरे यांनी मनावर घेतले, तर ही मागणी काही अवघड नाही.

हे तातडीने करावे असे आम्हांस वाटते, त्याला कारण आहे. धाटावला कारखाने आले, मुंबई जवळ आली, जमिनीला भाव आला. यात वाईट काही नाही. परंतु भट्टीच्या जाळापुढे उभे राहण्यापेक्षा दुसरी नोकरी बरी, असे मुलाला वाटू लागले तर त्याला दोष कसा द्यावा? ज्या कामात पैसा थोडा आणि नावही नाही, ते काम कोणता शहाणा मुलगा हाती घेईल? आणि ते हात थांबल्यावरही पुडक्यावर "पेण" हे नाव राहीलच. आतला माल कोठून येईल, ते सांगता येत नाही. गावाची कीर्ती ही अशा वेळी ठेव न राहता उधारी होते.

उधारी फेडण्याचा पहिला हप्ता अगदी सोपा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही समितीची वाट पाहावयास नको. पुढच्या वेळी पाहुण्याच्या पिशवीत पुडके घालताना, पापड कोणी लाटले ते दुकानदाराला विचारावे, आणि ते नाव पाहुण्याला सांगावे.