पेट्रोलचा दाब आणि घरातला तरुण मेकॅनिक

मुलगा सोळा वर्षांचा झाला की अमेरिकेतल्या मराठी घरात गाडीचा विषय निघतोच. मग एखादी जुनी होंडा दारात येते आणि तिच्या पाठोपाठ पार्ट्सची खोकीही येऊ लागतात. अशाच एखाद्या खोक्यात लाल किंवा निळ्या रंगाचा, डोक्यावर स्क्रू असलेला, मुठीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा निघतो. त्याचे नाव ॲडजस्टेबल फ्यूएल प्रेशर रेग्युलेटर. आईवडिलांची पहिली प्रतिक्रिया "हे आधी परत कर" अशी असते. पण ही वस्तू करते काय आणि ती बसवताना काय सांभाळायचे, हे आपल्याला ठाऊक असले तर निदान नाही म्हणताना तरी चार शब्द धड बोलता येतील. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या पिढीने तिकडे फियाट आणि अँबॅसिडर पाहिल्या. त्यांच्या कार्ब्युरेटरला पेट्रोल अगदी कमी दाबाने मिळे. मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकत स्क्रू पिळून हवा-पेट्रोलचे मिश्रण जमवी. इंजेक्शनच्या गाडीत हे काम कॉम्प्युटरकडे गेले. टाकीतला पंप पेट्रोल दाबाने इंजिनावरच्या एका नळीत, म्हणजे फ्यूएल रेलमध्ये, ढकलतो. तिथून इंजेक्टर ते क्षणभर उघडून फवारतात. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा एवढेच कॉम्प्युटर ठरवतो. तेवढ्या वेळात पेट्रोल किती बाहेर पडेल हे मात्र दाबावर अवलंबून असते.

हा दाब सांभाळणारा द्वारपाल म्हणजे रेग्युलेटर. त्याच्या पोटात एक लवचिक पडदा आणि एक स्प्रिंग असते. दाब जास्त झाला की पडदा उचलला जातो आणि जादा पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत जाते. शिवाय एक बारीक रबरी नळी इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. तिथली हवेची ओढ बदलेल तसा रेग्युलेटर पेट्रोलचा दाब कमीजास्त करतो. त्यामुळे इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधला फरक सारखाच राहतो. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळशा गाड्यांत हा फरक ४० ते ४५ पीएसआयच्या आसपास असे. टायरमध्ये आपण ३२-३५ भरतो, त्यावरून अंदाज यावा.

कंपनीच्या रेग्युलेटरचा दाब ठरलेला असतो. बाजारातल्या ॲडजस्टेबलचा स्क्रू पिळला की स्प्रिंग दाबली जाते आणि दाब वाढतो. इथेच मुलांचा गैरसमज होतो. पेट्रोलचे प्रमाण दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. दाब ४० वरून ५० केला, म्हणजे पाव हिश्शाने वाढवला, तरी पेट्रोल फक्त सुमारे १२ टक्के वाढते. त्यातही रोजच्या चालवण्यात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर "पेट्रोल जास्त झाले" असे कळवतो आणि कॉम्प्युटर ते तितकेच कमी करतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच काही फरक उरतो. इंजिनाला जास्त हवा मिळत नसेल, तर तो फरक म्हणजे काळा धूर आणि रिकामा खिसा. टर्बो बसवला, इंजेक्टर बदलले, तर या भागाला खरे काम असते. नुसत्या स्क्रूने ताकद वाढत नाही.

आमच्या घरी या भागाची गरज वेगळ्याच कारणाने पडली. मुलाच्या जुन्या सिव्हिकला पेट्रोलचा वास येऊ लागला, गरम इंजिन सुरू होईना आणि मागून काळा धूर निघू लागला. रेग्युलेटरची बारीक रबरी नळी काढून पाहिली, तर आतून पेट्रोल ठिबकत होते. याचा अर्थ पडदा फाटलेला. नवा भाग घेणे आलेच. त्याने साठवलेल्या पैशांतून ॲडजस्टेबल घ्यायचे ठरवले. आम्ही एकच अट घातली: आकडा कंपनीच्या पुस्तकातला राहील. "मग ॲडजस्टेबल कशाला, बाबा?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. पण गेज लावून दाब मोजायला शिकणे हीच त्या पैशांची खरी वसुली, हे त्यालाही पटले.

काम अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. इंजिन थंड हवे. आधी टाकीचे झाकण उघडून आतला दाब सोडावा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करावे. नळीतले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडते. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. तरीही थोडे पेट्रोल उरतेच, म्हणून जोड उघडताना भोवती फडके धरावे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा. जुना भाग निघाला की नवी ओ-रिंग तेलाचे बोट लावून बसवावी. जुनी ओ-रिंग वाचवून चार आणे वाचतात, पण गळती तिथूनच होते. नळी इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलीच घ्यावी. साधी रबरी नळी इथे चालत नाही. पेट्रोलचे गेज बॉनेटखालीच ठेवावे, पेट्रोलची नळी गाडीच्या आत कधीही आणू नये.

जोडणी झाल्यावर लगेच इंजिन सुरू करू नये. फ्यूज आणि बॅटरी जोडून चावी दोनतीनदा नुसती 'ऑन' करावी आणि प्रत्येक जोड टॉर्चने तपासावा. ओल दिसली नाही तरच स्टार्ट करावे. मग बारीक नळी काढून तिचे तोंड बंद करावे, आयडलवर चालू असताना स्क्रूने पुस्तकातला आकडा जमवावा आणि लॉकनट घट्ट करावा. नळी परत लावली की दाब साधारण ७ ते १० पीएसआयने उतरतो. उतरला नाही, तर काहीतरी चुकले आहे असे समजावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. इथे गॅरेज बहुधा घराला चिकटलेले असते आणि कित्येक घरांत वॉटर हीटर तिथेच असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते. गॅरेजमधल्या हीटरची ज्योत जमिनीपासून १८ इंच वर असावी, हा बांधकामाचा नियम त्यासाठीच आहे. म्हणून हे काम बाहेर, ड्राइव्हवेवर करावे. जवळ पेट्रोलच्या आगीसाठी चालणारा, म्हणजे बी वर्गाचा अग्निशामक हवा. पेट्रोल लागलेली फडकी आणि कपडे ड्रायरमध्ये टाकू नयेत. हे काम घरात जो कपडे धुतो त्यालाही सांगून ठेवावे.

दोन गोष्टी खरेदीआधी पाहाव्यात. पुढच्या काळातल्या बहुतेक गाड्यांत टाकीकडे परत जाणारी नळीच नसते, रेग्युलेटर टाकीत असतो. तिथे हा भाग सरळ बसत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत तर दाब हजारो पीएसआय असतो, तिथे घरी हात घालूच नये. दुसरे कायद्याचे. प्रदूषण-नियंत्रणाच्या यंत्रणेत फेरफार करायला क्लीन एअर ॲक्टखाली मनाई आहे. कॅलिफोर्नियात अशा भागाला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा सूट-क्रमांक लागतो. तो नसला तर गाडी स्मॉग चाचणीत अडकते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी असे खोके दारात आले, तर मुलाला तीन प्रश्न विचारा. पुस्तकातला आकडा किती? आजचा आकडा किती? तो बदलायचा कशासाठी? तिन्ही उत्तरे आली तर बाही सरसावून टॉर्च धरायला उभे राहा. एकही आले नाही, तर आधी गेज विकत आणा. तुमच्यापैकी कोणी मुलांबरोबर असे काम केले असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.