मामांच्या कार्डावर तिकीट स्वस्त मिळतं का?

रावेत, किवळे, विकासनगर या पट्ट्यात ज्याच्या ओळखीत फौजेतलं कोणीच नाही, असा माणूस सापडणं अवघड. देहूरोडची छावणी आणि डेपो हाकेच्या अंतरावर, दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय सीएमई, खडकीला बॉम्बे सॅपर्स, तळेगावला सीआरपीएफ, लोणावळ्याला नौदलाचं आयएनएस शिवाजी. द्रुतगती मार्ग तर किवळ्यालाच लागतो. त्यामुळे सुट्टी पडली की पोराबाळांना घेऊन खोपोलीचं इमॅजिका नाहीतर लोणावळ्याचं वेट एन जॉय पार्क ठरतं, आणि कोणीतरी म्हणतंच, "मामा आर्मीत आहेत ना, त्यांच्या कार्डावर सगळ्यांची तिकिटं स्वस्तात होतील." एवढ्या एका वाक्यात बरेच गैरसमज दडलेले आहेत. ते घरीच दूर झालेले बरे, कारण खिडकीवर "हे चालत नाही" हे शब्द चारचौघांत ऐकावे लागतात ते नेमके त्या मामांना.

पहिला समज असा, की सैनिकांना सवलत देणं पार्कवर बंधनकारक आहे. तसा कायदा नाही. कोणतीही सवलत समोर आली की ती कोणाच्या खिशातून येते, हे आधी बघावं. फौजी कॅन्टीनमधला माल स्वस्त असतो, कारण तो पुरवणाऱ्या सीएसडीला जीएसटीतला निम्मा वाटा सरकारकडून परत मिळतो. 2020 मध्ये राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेतून माजी सैनिकांच्या घराचा मालमत्ताकर माफ केला. अटी पूर्ण होत असतील तर ती माफी हक्काने मागता येते, कारण तिच्यामागे शासन निर्णय आहे. थीम पार्कचं तसं नाही. तिकिटावरचा जीएसटी जानेवारी 2018 मध्ये 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला तो सगळ्यांसाठीच. वर्दी असो वा नसो, कर तोच. सैनिकासाठी जी रक्कम कमी होते ती कंपनी स्वतःच्या गल्ल्यातून सोडते. इमॅजिका 2013 मध्ये सुरू झालं आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. वेट एन जॉयही त्यांचंच. सवलत द्यायची का, किती, कोणत्या दिवशी आणि किती जणांना, हे मालकच ठरवतो आणि मोसमागणिक बदलूही शकतो. म्हणून मागच्या वर्षी शेजाऱ्यांना मिळाली, हा काही पुरावा होत नाही.

दुसरा घोळ कार्डांचा. प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं कॅन्टीनचं स्मार्ट कार्ड खिडकीवर पुढे केलं जातं. ते कार्ड कॅन्टीनमधल्या खरेदीसाठी आहे. धारक सेवेत आहे, निवृत्त आहे की संरक्षण खात्याचा नागरी कर्मचारी, याचा उलगडा ते पाहून खिडकीवरच्या मुलाला होईलच असं नाही. सेवेत असलेल्याने लष्करी ओळखपत्र दाखवावं, निवृत्ताने माजी सैनिकाचं.

आपल्या भागात सगळ्यात नाजूक प्रश्न म्हणजे सैनिक नेमकं कोणाला म्हणायचं. देहूरोडच्या डेपोत किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस स्वतःला 'डिफेन्सवाला' म्हणतो, आणि त्यात खोटं काहीच नाही. पण तो सैनिक नाही, नागरी कर्मचारी आहे. शिवाय 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुधनिर्माणी कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. खडकी आणि देहूरोडचे कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे गेले. सीआरपीएफचा जवान गोळ्या झेलतो, पण त्याचं दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. निवृत्त झाल्यावर त्याला 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी' ही वेगळी ओळख मिळते, आणि तीही 2012 पासून. पार्कच्या जाहिरातीत फक्त 'सशस्त्र दले' असं लिहिलं असेल, तर त्यात सीआरपीएफ धरलंय का, हे फोन करून विचारावं. मला विचाराल तर धरलं पाहिजे, आणि तसं ठळक छापलंही पाहिजे.

'फौजेत होता म्हणजे माजी सैनिक' हेही खरं नाही. सरकारी व्याख्येत साधारणपणे पेन्शन घेऊन निवृत्त झालेले, सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे बाहेर पडलेले किंवा ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटीसह मोकळे झालेले लोक येतात. पेन्शन लागू होण्याआधी स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडलेला माणूस सहसा बसत नाही. 2022 च्या अग्निपथ योजनेतला अग्निवीर सेवेत असेपर्यंत सैनिकच आहे. चार वर्षांनी बाहेर पडला की योजनेच्या अटींनुसार त्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही. अमेरिकेतही असाच भेद आहे. डिस्नेच्या सैनिकी तिकिटांत सेवेतले आणि निवृत्त बसतात, पण काही वर्षं नोकरी करून सन्मानाने बाहेर पडलेला प्रत्येक जण बसत नाही.

आता कुटुंब. घरात कुटुंब म्हणजे आत्या, मेहुणा, भाचरं सगळी. सवलतीच्या भाषेत मात्र सहसा पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं. आईवडील कधी असतात, कधी नाही. माजी सैनिकांच्या ईसीएचएससारख्या सरकारी आरोग्य योजनेतसुद्धा मुलगा 25 वर्षांपर्यंत, आणि तोही कमावता नसेल आणि लग्न झालं नसेल तरच अवलंबून धरतात. म्हणजे मामांच्या कार्डावर भाच्याचं तिकीट निघेल ही आशा सोडलेली बरी. मामा स्वतः सोबत नसतील तर बहुतेक ठिकाणी बोलणं तिथेच संपतं. वीरपत्नीचं काय, हे अटींच्या यादीत अनेकदा लिहिलेलंच नसतं. ज्या बाईला नवऱ्याचं ओळखपत्र दाखवणं आता शक्य नाही, तिला खिडकीवर खुलासे करायला लावू नयेत. पार्कवाल्यांनी यादीत पहिलं नाव तिचं घालावं.

वाटेतल्या टोलबद्दलही असाच समज पक्का बसलाय. 1901 चा टोल कायदा सैनिकाला सूट देतो, पण तो ड्युटीवर असताना. द्रुतगती मार्गावरच्या उर्से टोलनाक्यावर खासगी गाडीत सहलीला निघालेला जवान ड्युटीवर नसतो, आणि निवृत्ताला तर ती सूट नाहीच. राष्ट्रीय महामार्गांवर परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतच्या शौर्यपदकांच्या मानकऱ्यांना ओळखपत्र दाखवून सूट मिळते, ती वेगळी.

सवलत मिळाली तरी ती स्वस्त पडेलच असं नाही. अशी सूट बहुधा छापील दरावर असते आणि दुसऱ्या ऑफरला जोडता येत नाही. आठवड्यातल्या साध्या दिवसाचं आगाऊ ऑनलाइन तिकीट कधीकधी त्याहून कमी पडतं. लहान मुलांचं तिकीट अनेक पार्कांत वयावर नाही, उंचीवर ठरतं; घरातच उंची मोजून निघावं. जेवण, लॉकर आणि पोहण्याचे कपडे यांचा खर्च वेगळा.

आणि बुकिंगसाठी कोणी "आर्मी कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका" म्हणालं तर सरळ नकार द्यावा. लष्करी ओळखपत्राची झेरॉक्स काढायलाही मनाई आहे. जवान असल्याचं भासवून ऑनलाइन खरेदी-विक्रीत गंडा घालणारे अशाच कार्डांचे फोटो पुढे करतात. कार्ड खिडकीवर हातात धरून दाखवावं आणि परत खिशात ठेवावं. तेवढ्यावर तिकीट देत नसतील तर साधं तिकीट काढावं.